मापाचे पाहुणे

१

लोकांना वाटतं मी गाड्यांची तज्ज्ञ आहे. डोंबलाची तज्ज्ञ! मला साधी गाडी चालवता येत नाही. माझं काम कागदांचं. ज्या कारखान्यात एकेकाळी मोठ्या लोकांच्या ऐटबाज गाड्या बनायच्या, तो बंद पडून जमाना झाला. यंत्रं भंगारात गेली, शेडमध्ये कुणीतरी फरश्यांचं गोदाम टाकलं. उरली ती ही दुमजली इमारत. खाली स्टोर आणि वर मी, दप्तराच्या खोलीत.

जुन्या गाड्यांचे शौकीन मला गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला नंबर पाठवतात. मी त्या नंबराचं कार्ड शोधते आणि गाडीचा जन्मदाखला करून देते. मूळ रंग कोणता, चामडं कसलं, दिवे कुठले. हे शौकीन म्हणजे एक अजब जमात आहे. बायकोचा वाढदिवस विसरतील, पण डॅशबोर्डावरचा स्क्रू मूळचा नाही म्हटलं की यांची झोप उडते. जसं होतं तसंच पाहिजे! आणि कसं होतं ते सांगणार मी. माझा दाखला म्हणजे त्यांच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ.

गाडी बनत असताना तिचं कार्ड स्टिअरिंगला दोऱ्याने बांधलेलं असायचं. जो तो आपलं काम झालं की आपल्या चौकोनात सही करायचा. शेवटचा चौकोन ‘सोडली’ असा. तिथे सही पडली की गाडी फाटकाबाहेर.

माझ्या आधीच्या साहेबांनी कार्डं हरवू नयेत म्हणून ती सगळी जाड कागदांवर खळ लावून डकवून टाकली. त्यामुळे कार्डांची पाठ कायमची झाकली गेली. पाठीमागे काही लिहिलंय का, असं कुणी विचारलं तर मी ठणकावून सांगायची, काही नाही, कोरी आहे. दोन-चार सुटलेली कार्डं मी पाहिली होती, ती कोरी निघाली. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय!

२

माझा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. एकदा खड्ड्यात पडला. जिवावरचं पायावर निभावलं, पण डावा पाय दीड इंचाने आखूड झाला तो झालाच. त्यातून सावरतोय तोवर भावजय आजारी पडली आणि बघता बघता गेली. घरात राहिले हा आणि याची सात वर्षांची पोर. पोरीला आम्ही भिंगरी म्हणतो. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीत आहे तेवढंच. एका जागी बसेल तर शपथ! खुर्चीवर बसवली की पाय जमिनीला पोचायचे नाहीत, मग टाचा खुर्चीच्या पायांवर आपटत राहायच्या. टक टक, टक टक टक. जेवताना, अभ्यास करताना, बोलणी खातानासुद्धा.

भावजय गेल्यावर धाकटा दाढी करेना, धड जेवेना. आणि एक दिवस हे महाशय भंगारवाल्याकडून गंजलेली गाडी घरी घेऊन आले. आमच्याच कारखान्याची. शेडच्या मागच्या अंगाला पत्र्यांखाली पडलेली म्हणे.

“आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास,” मी म्हणाले. “हा सांगाडा काय डोक्यावर घेऊन नाचणार आहेस?”

“ताई, एकदा बसून तर बघ.”

मी काही बसले नाही. पण आठवडाभरात त्याने दाढी केली. मग स्वयंपाकघरात गुणगुणायला लागला. मग भिंगरीच्या वेण्या नीट पडायला लागल्या. तेव्हा मी तोंड मिटलं. माणूस ज्या काठीला धरून उठतो ती काढून घेऊ नये, इतकी अक्कल मला आहे.

“गंमत सांगू?” एके दिवशी तो म्हणाला. हात ग्रीसने काळे, चेहरा उजळलेला. “पडल्यापासून मला कुठल्याच गाडीचा क्लच दाबता येत नाही, पाय पुरत नाही. आणि हिचा क्लच बघ. दीड इंच वर उचललेला आहे. मुद्दाम! जोड नंतरचा नाही, कारखान्यातलाच. माझ्या मापाचीच आहे गं ही.”

“असेल कुणाचा तरी पाय आखूड.”

“आणि हे बघ.” त्याने पुढच्या डाव्या सीटसमोरचा गालिचा उचलला. पत्र्यात चार भोकं होती, चौकटीत, सफाईने पाडलेली. “इथे काहीतरी बसवलेलं होतं. काय ते काही केल्या कळत नाही. तू कार्ड काढ ना, ताई. भावाच्या गाडीला रांगेत उभं करतेस होय?”

गाडीच्या मागच्या सीटवर भिंगरी बसली होती. टाचा लाकडी पट्टीवर आपटत होत्या.

३

कार्ड सापडायला वेळ लागला नाही. ते पुढ्यात घेतलं आणि मला पहिल्यांदा राग आला तो त्या जुन्या कारकुनाचा. मालकाचं नाव लिहायचा रकाना कोरा ठेवला होता मेल्याने.

या कारखान्याची एक रीत होती. मोठी गिऱ्हाइकं गाडी शिवून घ्यायची, म्हणजे अक्षरशः शिंप्याकडे जावं तशी. गादीकाम करणारा कारागीर टेप घेऊन घरातल्या प्रत्येकाचं माप घ्यायचा. मग त्या मापाचे लाकडाचे आणि गोणपाटाचे बाहुले करायचे, आत वाळू भरायची, वजनसुद्धा बरोबर माणसाइतकं. ते गाडीत बसवून त्यांच्यावर सीट बेतायची. कामगार त्यांना ‘पाहुणे’ म्हणायचे. पाहुणे नीट बसल्याशिवाय गाडी सुटत नाही, असा तिथला नियमच होता.

कार्डावर तीन मापं होती.

चालक, पुरुष. डावा पाय दीड इंच कमी.

पुढे डावीकडे, स्त्री. माप पूर्ण लिहिलेलं, आणि मग त्यावर आडवी रेघ मारून वेगळ्या शाईत लिहिलं होतं, ‘आता गरज नाही.’

मागे, मुलगी. बसल्यावर डोक्यापर्यंतची उंची, गुडघा, टाच.

शेवटचा चौकोन, ‘सोडली’चा, रिकामा होता.

मी उठून पाणी प्यायले. मग स्वतःलाच झापलं. पाय आखूड असलेला माणूस जगात माझा भाऊ एकटाच आहे का? बायका मरत नाहीत का? मुली नसतात का कुणाला? पन्नास वर्षांपूर्वीही होत्या. कागदांत आयुष्य गेलं की माणसाला कागदात भुतं दिसायला लागतात. आणि तरी माझी नजर पुन्हा पुन्हा त्या रेघेवर जात होती. ‘नको’ असं लिहिलं असतं तर मला काही वाटलं नसतं. ‘आता गरज नाही’ हे वाचून मात्र मला भावजय आठवली.

भोकांचा कार्डावर कुठेच उल्लेख नव्हता.

४

पाहुणे खालच्या स्टोरमध्ये आहेत, हे मला ठाऊक होतं. मी तिथे फारशी जात नसे. भीती वगैरे काही नाही, धुळीने शिंका येतात. किल्ली माझ्याच जुडग्यात असते.

दुपारचं लख्ख ऊन होतं. वरच्या झरोक्यांतून उजेड येत होता. स्टुलांवर ओळीने पाहुणे बसलेले, बिनचेहऱ्याचे, बिनहातांचे, गळ्यात पत्र्याचे बिल्ले. बिल्ल्यावर गाडीचा नंबर. कित्येकांची गोणपाटं उंदरांनी फाडली होती. मी बिल्ले बघत बघत गेले. कुठेतरी वाळू बारीक सरकल्याचा आवाज झाला. जुनं गोणपाट आहे, सरकणारच.

आपल्या नंबराचे अगदी शेवटच्या भिंतीशी मिळाले. पुढे दोन स्टुलं, मागे एक. पुढच्या उजव्या स्टुलावर पुरुष, डावा पाय आखूड. त्याच्या शेजारच्या स्टुलावर नुसतं रिकामं गोणपाट लोंबत होतं. आतली सगळी वाळू खाली जमिनीवर पडली होती. मागच्या उंच स्टुलावर छोटी पाहुणी.

तिला उंदरांनी हातही लावला नव्हता. शिवण घट्ट, गोणपाट स्वच्छ. पाय जमिनीपासून वर लोंबकळत होते. आणि तिच्या स्टुलाचा पुढचा पाय, बरोबर तिच्या टाचांच्या उंचीवर, घासून खोलगट झाला होता. लाकूड तिथे आतून पांढरं दिसत होतं, ताजं.

मी टेप काढली, माप घेतलं, कार्डाशी बरोबर जुळलं, आणि तिथून जी निघाले ती थेट धाकट्याच्या घरी.

“भिंगरे, इकडे ये. या खुर्चीवर बस. ताठ.”

“कशाला, आत्या?”

“फ्रॉक शिवायचाय.” तोंडाला येईल ते सांगितलं. “आणि हलू नकोस हं. मी सांगेपर्यंत अजिबात हलायचं नाही.”

पोरीने श्वाससुद्धा रोखून धरला. मी टेप लावली. दोन बोटं कमी भरली. पुन्हा लावली. दोन बोटं कमीच. इतका जीव भांड्यात पडला म्हणून सांगू! माझे डोळे भरून आले. ही ती नाही. मापच जुळत नाही, तर कसली ती!

“आत्या, आता हलू का?”

तेवढ्यात मला समोरची दाराची चौकट दिसली. त्यावर पेन्सिलीच्या रेघा होत्या. भावजय दर वाढदिवसाला पोरीला तिथे उभी करून रेघ मारायची. ती गेल्यावर धाकट्याने मारलेली रेघ सगळ्यात वर होती, जरा वाकडी. एकावर एक चढत चाललेल्या त्या रेघा मी बघत राहिले. दोन बोटं वाढायला पोरीला असा कितीसा वेळ लागतो?

मी पिशवी उचलली आणि बाहेर पडले. धाकटा मागून हाका मारत होता, “ताई, चहा तरी घे!” मी वळलेसुद्धा नाही.

रात्री त्याचा फोन आला. “काय गं, काय सांगून गेलीस तिला? जेवायला बोलावलं तरी खुर्चीवरून हलेना. आत्याने अजून ‘हल’ म्हटलं नाही म्हणे. शेवटी उचलून नेली.”

५

मी आयुष्यात खोटा दाखला दिला नव्हता. लोकांनी पैसे दाखवले, धमक्या दिल्या, एकाने तर माझ्यासमोर रडून दाखवलं, पण मी जे कार्डावर आहे तेच लिहिलं. तो माझा ताठा होता, म्हणा ना. भावासाठी मोडला. पोरीसाठी मोडला.

धाकट्याला खरं सांगून बघावं, असं मनात आलं होतं. काय सांगणार? बाबा रे, तुझ्या मेलेल्या बायकोचं माप पन्नास वर्षांपूर्वीच्या कार्डावर आहे? इतक्या दिवसांनी हसायला लागलेल्या माणसाला हे सांगायचं? आणि त्याने ऐकलं असतं? छे. गाडी सोड म्हटलं असतं तर मला सोडलं असतं त्याने.

पण दाखला तो ऐकणार. मग मी दाखला टाइप केला. ‘या गाडीला मूळची मागची सीट नाही. मागे सामानाची जागा. सध्याची सीट काढून टाकावी.’ खाली सही ठोकली. माझ्या सहीच्या शेवटी एक शेपटी असते, परत फिरून पहिल्या अक्षराखाली जाणारी. शाळेत मास्तरांनी त्या शेपटीवरून छड्या दिल्यात, पण ती गेली नाही.

माझा हिशोब सरळ होता. पोरीचं माप मागच्या सीटचं. मागची सीटच नसली तर ते माप बसणार कुठे? पुढच्या सीटवर बसली तरी तिथे तिचे पाय लोंबकळणार. ती सीट मोठ्या बाईच्या बेताने केलेली. न जुळलेलं कापड बिचारं काय करणार?

दाखला वाचून धाकटा थोडा हिरमुसला. “पण सीट तर अस्सल वाटते गं. शिवणसुद्धा कारखान्यातलीच.”

“तुला जास्त कळतं की मला?”

“तुलाच बाई, तुलाच. तू म्हणशील ती पूर्व दिशा.” तो हसला. “आणि भोकांचं?”

“भोकांचं काही लिहिलेलं नाही. बुजवून टाक.”

“बुजवून? मूळची आहेत ती!” तो असा दचकला, जणू मी पोरीचे कान बुजवायला सांगितले होते.

सीट निघाली. मी स्वतः जाऊन बघितलं, हात फिरवून. मग मी बरीच शांत झाले. रंगाचं काम लांबलं, चामडं यायला उशीर झाला, शाळेला सुट्टी लागली आणि संपली. भिंगरीची माया मी टाळू शकत नव्हते, पण तिच्या उंचीकडे बघायचं मी टाळत होते. तिला दाराच्या चौकटीशी उभी राहिलेली पाहिलं की मी काहीतरी काम काढून स्वयंपाकघरात जायची.

६

आज गाडी पहिल्यांदा रस्त्यावर येणार होती. सकाळीच धाकट्याचा फोन आला होता. “तुझ्याकडेच आणतो आधी. जिथे जन्मली तिथेच दाखवायला हवी. आणि ताई, तुला एक गंमत दाखवायचीय!” इतका खूश आवाज मी त्याच्या लग्नानंतर ऐकला नव्हता.

दप्तराच्या खोलीत आले तर भिंतीला ओल आली होती. खालच्या फळीवरची कार्डं दमट झालेली. मी पंखा लावून एकेक कागद पसरायला लागले. त्यातलं एक कार्ड खळ सुटून वेगळं झालं आणि जमिनीवर पालथं पडलं. नंबर बघायची गरज नव्हती.

पाठ कोरी नव्हती.

शाई जुनी होती, तांबूस पडलेली. खळीचे डाग तिच्यावरून गेले होते, म्हणजे डकवायच्या आधीचंच लिखाण. ‘बदल’ असा मथळा, आणि खाली:

‘मागची सीट काढली, दप्तराच्या सांगण्यावरून. मुलीचे माप पुढे डावीकडे घेतले. पाय टेकण्यासाठी फळी, चार स्क्रू.’

ज्याने बदल सांगितला त्याची सही खाली होती. सहीच्या शेवटी शेपटी, परत फिरून पहिल्या अक्षराखाली गेलेली.

कुणी नक्कल केली असेल, असं मी मोठ्याने म्हणाले. कुणी? पन्नास वर्षांपूर्वी मी शेपटीवरून छड्या खात होते! कार्ड हातात तसंच धरून मी जिन्याकडे धावले. फोन करायचं सुचलं नाही. आणि फाटकाशी हॉर्न वाजला.

गाडी सुरेख दिसत होती, खोटं कशाला बोलू. काच खाली करून धाकटा ओरडला, “ताई! भोकांचं कोडं सुटलं! भिंगरीचे पाय लोंबकळत होते ना, म्हटलं एक फळी ठोकून बघावी. चारही स्क्रू लोण्यात सुरी जावी तसे बसले. तिच्यासाठीच पाडल्यासारखी भोकं आहेत!”

त्याच्या शेजारी भिंगरी बसली होती. पाय फळीवर टेकलेले, दोन्ही, जोडून. डोकं सीटच्या वरच्या शिवणीला बरोबर लागलेलं. ती दोन बोटं कुठेच उरली नव्हती.

“बघ ना, कशी शहाण्यासारखी बसलीय,” धाकटा कौतुकाने म्हणाला. “घरून निघाल्यापासून हललीच नाही. सीटच तशी आहे, आराम वाटत असणार.”

“भिंगरे, उतर,” मी म्हणाले.

ती समोर काचेतून बघत होती.

“भिंगरे! आत्या काय सांगतेय?” मी आवाज चढवला.

मी दार उघडलं, तिच्या दोन्ही बगलांत हात घातले आणि उचललं. पोरीला मी हजार वेळा उचललंय. पिसासारखी पोर, हात लावायचा अवकाश की गळ्यात पडते. ती तसूभर हलली नाही. फ्रॉकच्या आतून काहीतरी माझ्या बोटांखाली हळूच सरकलं आणि पुन्हा आपल्या जागी बसलं.

“अगं काय करतेस! तिला फिरून तर येऊ दे,” धाकटा हसत होता. त्याला काहीच दिसत नव्हतं. किती दिवसांनी इतका हसत होता! “कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो. सोड ना, ताई.”

माझे हात गळून पडले. मी सोडलं, की ते आपोआप सुटले, मला सांगता येणार नाही. त्याने हात लांब करून दार ओढून घेतलं. डावा पाय क्लचवर पडला आणि गाडी निघाली. मी ओरडले. खूप ओरडले. गोदामातले हमाल बघायला लागले. गाडी वळणावर दिसेनाशी झाली.

आत आले तेव्हा जिन्याच्या पायथ्याशी थांबले. कार्ड कुठे पडलं होतं तेही आठवेना. इमारतीत मी सोडून कुणी नव्हतं.

बंद स्टोरमधून आवाज येत होता. लाकडावर टाचा आपटल्याचा. टक टक. टक टक टक.

मी जुडगा काढला. किल्ली कुलपाला लागली तशा टाचा थांबल्या. कुणीतरी श्वास रोखून धरला.

“आत्या,” आतून दबक्या आवाजात विचारलं, “आता हलू का?”